रुळावर नाव असतं, गाण्यावर का नाही?

भिलाईत पोस्टिंगवर आल्यावर पहिल्याच महिन्यात एक गोष्ट पाहिली आणि ती अजून डोक्यातून गेलेली नाही. रेल्वेचा रूळ. आपण रूळ बघतो तो वरून, चाक घासून चकचकीत झालेली पट्टी. खाली वाकून त्याच्या उभ्या अंगाकडे बघा. तिथं उठावदार अक्षरं असतात. कारखान्याची खूण, रुळाचा प्रकार, पोलादाची प्रत, लाटल्याचा महिना आणि वर्ष. शिवाय तो ज्या हीटमधून आला तिचा नंबर ठोकलेला असतो. उद्या तो रूळ आसामात तडकला, तर त्या नंबरावरून मागे मागे जात भिलाईतल्या भट्टीपर्यंत पोहोचता येतं.

१९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं आणि पुढे हा कारखाना देशाला रूळ पुरवू लागला. आता तर २६० मीटर लांबीचे जोडलेले रूळ इथून निघतात. पण नाव-गाव नसलेला एकही रूळ गेटबाहेर जात नाही. लोखंडाच्या तुकड्याची एवढी काळजी आपण घेतो.

आणि गाण्याची? गाण्याची काळजी आपण कशी घेतो, ते आज सांगायचं आहे. लेख थोडा तांत्रिक आहे आणि थोडा रागावून लिहिलेला आहे. दोन्हीबद्दल आधीच माफी मागून ठेवतो.

आधी माझी चूक

आमच्या शेजारी एक काका राहतात. मूळचे वर्ध्याचे. १९६७ साली भिलाईत फिटर म्हणून लागले, रेल मिलमध्ये आयुष्य काढलं, निवृत्त होऊन इथंच राहिले. काकू शाळेत शिकवायच्या. सहा वर्षांपूर्वी गेल्या. काकू गायच्या, चाली लावायच्या. इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात, कोजागरीला, हळदीकुंकवाला त्यांची गाणी व्हायची. गाणी लिहिणारे कोण, तर कारखान्यातलेच दोघं-तिघं. कुणी क्रेन ऑपरेटर, कुणी स्टोअर्समधला कारकून. काकांनी टेपरेकॉर्डरवर सगळं भरून ठेवलेलं. अकरा कॅसेटी.

काका एक दिवस पिशवी घेऊन आले. म्हणाले, "कर्नलसाहेब, तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं म्हणतात. एवढं मोबाइलवर घालून द्या. टेप आता फिती खातोय."

मी केलं. तीन रविवार बसून कॅसेटी वाजवल्या, फाइली केल्या, गायिकेच्या रकान्यात काकूंचं नुसतं पहिलं नाव टाकलं. मग शहाणपणा सुचला. एका प्रसिद्ध संगीत-प्रोग्रामात 'माहिती आपोआप पूर्ण करा' असं बटण होतं. मी ते दाबलं आणि जेवायला गेलो.

परत येऊन काही न तपासता फाइली काकांच्या मोबाइलवर चढवून दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात. चेहरा पडलेला. मोबाइल पुढे केला. काकूंच्या नावाची एक मोठी गायिका आहे. प्रोग्रामनं सगळ्या फाइलींवर त्या गायिकेचं पूर्ण नाव, तिचा फोटो आणि कुठल्यातरी अल्बमचं मुखपृष्ठ चिकटवलं होतं. गीतकाराच्या जागी काही नाही. संगीतकाराच्या जागी भलताच माणूस.

काका एवढंच म्हणाले, "आवाज हिचा येतोय, पण फोटो दुसऱ्याच बाईचा. रूळ आम्ही हजारो लाटले, त्यावर माझं नाव कधी नव्हतं आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. कारखान्याचं होतं, पुरे झालं. पण हिच्या गाण्यावर हिचं नाव नको का?"

मी पंचवीस वर्षं वर्दी घातलेला माणूस. मला उत्तर सुचलं नाही. मूळ फाइलींची प्रतही ठेवली नव्हती. ज्या चुकीसाठी मी एखाद्या क्लार्कला उभं केलं असतं, ती मी केली होती.

नंबर, रँक, नाव

गाण्याच्या फाइलीत गाण्याशिवाय आणखी एक गोष्ट असते. हे काय आहे, कुणी गायलं, कुणी लिहिलं, कुणी चाल दिली, कधीचं आहे, याची चिठ्ठी. इंग्रजीत तिला मेटाडेटा म्हणतात. फौजी वाचकांना समजावून सांगायची गरजच नाही. आपली ओळखच मुळी नंबर, रँक, नाव, युनिट या क्रमानं होते. एका पलटणीत चार संतोष पाटील असतात. पगार, रजा, पेन्शन, सगळं चुकीच्या पाटलाकडे जाऊ नये म्हणून नंबर असतो.

खडकवासल्याला अकादमीत 'हट ऑफ रिमेम्बरन्स' आहे. तिथं शिकून गेलेल्या आणि देशासाठी कामी आलेल्या अधिकाऱ्यांची नावं तिथं आहेत. कॅडेट असताना आम्ही तिथं आवाज न करता उभे राहायचो. दिल्लीत २०१९ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय समर स्मारकात पंचवीस हजारांहून जास्त नावं दगडावर कोरलेली आहेत. 'अनेक शूर जवान' असं मोघम लिहून काम भागलं नसतं का? नसतं. कारण त्यातल्या प्रत्येक नावासाठी कुणीतरी गावाहून येतं आणि त्या एका विटेवर बोट फिरवतं.

आता बघा, गाण्यासाठी जगानं कसला रकाना करून दिला. १९९६ साली एमपीथ्री फाइलीच्या शेपटाला १२८ बाइटची एक चिठ्ठी जोडायची पद्धत निघाली. आयडीथ्री तिचं नाव. त्यात ३ बाइट खुणेचे, ३० शीर्षकाचे, ३० कलाकाराचे, ३० अल्बमचे, ४ वर्षाचे, ३० शेऱ्याचे आणि १ प्रकाराचा. बेरीज करा, १२८. गीतकाराला जागा नाही. संगीतकाराला जागा नाही. प्रकारांच्या मूळ यादीत ८० नावं, त्यात पोल्का आहे, कॅबरे आहे. लावणी नाही, अभंग नाही, नाट्यसंगीत नाही.

आणि ते ३० बाइट रोमन अक्षरांचे. आज युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रा-वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. 'सुधीर फडके' लिहिलं तर २८ बाइट, कसंबसं बसतं. 'भीमसेन जोशी' लिहिलं तर ३१. एक बाइट जास्त. शेवटची वेलांटी तुटते आणि 'भीमसेन जोश' उरतं, पुढे एक चौकोन. भारतरत्न मिळालेल्या माणसाचं नाव त्या रकान्यात मावत नाही.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं. खरं आहे. १९९८ पासून आयडीथ्रीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात संगीतकारासाठी वेगळा रकाना आहे, गीतकारासाठी वेगळा आहे आणि देवनागरी व्यवस्थित बसते. म्हणजे पाव शतकाहून जास्त काळ जागा तयार आहे. भरली कुणी? आपल्यातल्या किती जणांच्या मोबाइलमधल्या किती मराठी गाण्यांत गीतकाराचं नाव आहे? उघडून बघा. मी माझा उघडला आणि लाज वाटली.

फुकट भरलेली वही कुणाची?

जे म्हणतात की "मोबाइलवर सगळं आपोआप होतं, कशाला त्रास?", त्यांना एक गोष्ट सांगतो. खरी आहे.

सीडी आल्या तेव्हा बहुतेक सीडींवर गाण्यांची नावं नसायची, फक्त आवाज. १९९० च्या दशकात सीडीडीबी नावाची एक सामाईक वही सुरू झाली. तुम्ही सीडी घातली, तिची नावं हातानं टाइप केली आणि वहीत पाठवली, की पुढच्या माणसाला ती आयती मिळायची. जगभरच्या लोकांनी फुकट टाइप केलं. लाखो सीडी. मग ती वही एका कंपनीच्या हाती गेली, तिचं नाव ग्रेसनोट झालं आणि २००१ साली ज्या प्रोग्रामांकडे परवाना नव्हता त्यांना दार बंद झालं. २००८ साली सोनीनं ती कंपनी २६ कोटी डॉलरला घेतली. ज्यांनी नावं टाइप केली त्यांना काय मिळालं? स्वतः भरलेली वही उघडायला परवानगी मागायची वेळ आली.

कायदेशीर असेल, मी वकील नाही. पण गावानं श्रमदानातून विहीर खणावी आणि पुढे विहिरीला कुलूप लागावं, याला आपल्याकडे काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहे.

त्या अनुभवातून म्युझिकब्रेन्झ उभं राहिलं. तीही लोकांनी भरलेली वही आहे, पण तिचा मूळ मजकूर सार्वजनिक मालकीचा जाहीर केलेला आहे. कुणीही पूर्ण वही उतरवून घरी नेऊ शकतो. उद्या चालवणारे बदलले तरी वही परत उभी करता येते. आणि तिची आखणी शहाणी आहे. तिथं 'रचना' वेगळी, 'ध्वनिमुद्रण' वेगळं आणि 'प्रकाशन' वेगळं.

याचं महत्त्व मराठी माणसाला गीतरामायणावरून कळावं. गदिमांनी लिहिलं, बाबूजींनी चाली दिल्या, १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं प्रसारित झाली. त्या मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके असे कितीतरी आवाज होते. घराघरात पोहोचल्या त्या मात्र एकट्या बाबूजींच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका. रचना एकच, ध्वनिमुद्रणं दोन. नुसतं 'गीतरामायण – सुधीर फडके' लिहिलं की लिहिणारे गदिमा गेले आणि मूळ प्रसारणातले सगळे आवाजही गेले. म्युझिकब्रेन्झमध्ये प्रत्येक रचनेला, प्रत्येक ध्वनिमुद्रणाला, प्रत्येक कलाकाराला ३६ अक्षरांचा आपला स्वतःचा नंबर असतो. आपल्या आयसी नंबरासारखा. दोन सारख्या नावांची गफलत होत नाही. काकूंच्या बाबतीत झाली ती नेमकी हीच गफलत होती.

खोलना-जोडना

म्हणून ठरवलं की आता बटण दाबायचं नाही. स्वतः बांधायचं.

प्रोग्रामिंगमध्ये लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या अवजारांची पेटी. आपण आपला छोटा प्रोग्राम लिहायचा आणि अवघड काम पेटीतल्या अवजाराकडून करून घ्यायचं. म्युझिकब्रेन्झच्या वहीशी बोलायला 'लिबम्युझिकब्रेन्झ' आहे. फाइलीतली चिठ्ठी वाचायला-लिहायला 'टॅगलिब' आहे. दोन्हींचा सोर्स कोड खुला आहे. तयार बांधलेल्याही मिळतात. मी मुद्दाम सोर्सवरून बांधायचं ठरवलं. अकरावीतली मुलगी सोबतीला होती. ती म्हणाली, "बाबा, एका कमांडमध्ये इन्स्टॉल होतं. कशाला एवढं?"

तिला मी उस्तादांची गोष्ट सांगितली. अकादमीत रायफल हातात आली त्या दिवशी गोळी मिळाली नाही. पहिले कित्येक दिवस फक्त खोलना-जोडना. डोळे बांधून सुद्धा. आम्ही वैतागायचो. एका कॅडेटनं विचारलंच की रायफल तर चांगली चालते, खोलायची कशाला? उस्ताद म्हणाले होते की जेव्हा चालायची थांबेल तेव्हा शिकायला वेळ नसेल. बस, एवढंच.

तर आम्ही घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्सवर बसलो. हे स्पष्ट सांगतो, घरचा लॅपटॉप. सरकारी यंत्राला असले प्रयोग करायला हात लावायचा नसतो.

कोड उतरवला. चेकसम जुळवली, म्हणजे वाटेत काही बदललं नाही याची खात्री. मग सीमेक चालवलं. सीमेक हा हिशेबनीस आहे. बांधकामाला काय लागेल आणि तुमच्याकडे काय आहे ते मोजतो. त्यानं सांगितलं, निऑन सापडत नाही. निऑन ही आणखी एक लायब्ररी, इंटरनेटवरून मागणी पाठवायचं काम करते. ती यंत्रावर होती, पण फक्त चालवण्यापुरती. बांधकामाला लागणाऱ्या हेडर फाइली नव्हत्या. तंबू आला, खुंट्या राहिल्या. त्या आणल्या. मग लिबएक्सएमएलटू चं तेच. तेही आणलं. मग 'मेक' दिलं आणि पडद्यावर ओळी पळायला लागल्या. गंमत म्हणजे ही लायब्ररी बांधताना आधी एक छोटा प्रोग्राम बांधला जातो आणि तो उरलेल्या कोडचा एक भाग स्वतः लिहितो. मुलगी खुर्चीवरून पुढे सरकून बघत होती.

'मेक इन्स्टॉल' झालं. आमचा प्रोग्राम चालवला, तर उत्तर आलं की लायब्ररी सापडत नाही. आत्ता तर बसवली! शोधलं तेव्हा कळलं की ती जागेवर बसली आहे, पण यंत्रणेच्या यादीत तिची नोंद नाही. 'एलडीकॉन्फिग' चालवावं लागतं. फौजी वाचक हसतील. जवान युनिटमध्ये हजर झाला, पण पार्ट टू ऑर्डर निघाली नाही, तर कागदोपत्री तो आलाच नाही.

शेवटचा धडा वहीच्या दारातला. म्युझिकब्रेन्झचा सर्व्हर विचारतो की तुमचा प्रोग्राम कोणता, संपर्क कुणाशी. ओळख द्यावी लागते. आणि सेकंदाला एकापेक्षा जास्त मागण्या पाठवायच्या नाहीत. 'थम, कौन आता है?' म्हणणाऱ्या संत्र्याला उत्तर दिल्याशिवाय कोण आत जातं? मला हे आवडलं. फुकट आहे म्हणून धक्काबुक्की चालत नाही.

सगळं मिळून चार संध्याकाळी गेल्या. बाजारातली विकत मिळणारी कॅसेटींची गाणी काकांकडे होती, त्यांच्यासाठी वहीला विचारलं. जिथं उत्तर मिळालं तिथं ते आधी वाचलं, मग घेतलं. जिथं जागा रिकामी होती, तिथं दोष वहीचा नाही. ती रिकामी जागा म्हणजे आपली गैरहजेरी.

हरकती आणि उत्तरं

कोर्समेटच्या ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा तीन हरकती आल्या.

पहिली: "अरे, आपण कमांड करणारी माणसं. हे काम आयटीवाल्या पोरांचं." हा विचार मला सगळ्यात धोकादायक वाटतो. ज्याला आपलं साधन आतून कसं चालतं ते माहीत नाही, तो ते साधन सांगेल ते खरं मानतो. मी तेच केलं होतं. बटणानं सांगितलं काम झालं, मी मानलं. सगळ्यांनी प्रोग्रामर व्हावं असं मी म्हणत नाही. प्रत्येक कमांडर आर्मोरर नसतो, पण रायफल खोलता न येणारा कमांडर मला दाखवा.

दुसरी हरकत गंभीर आहे: "खुला कोड म्हणजे कुणीही काहीही घुसवणार. सुरक्षेचं काय?" या हरकतीत दम आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या, सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. कुणीतरी दोन-तीन वर्षं भला माणूस म्हणून काम करून विश्वास कमावला होता. आणि विशेष म्हणजे चोरदरवाजा जागा करणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच, वाटपाच्या गठ्ठ्यातल्या बांधकामाच्या स्क्रिप्टमध्ये होता. म्हणजे 'सोर्सवरून बांधलं म्हणजे सुरक्षित' असं म्हणणारा माझ्यासारखा माणूसही फसला असता. हे मान्य.

पण तो पकडला कसा गेला? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनियरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. त्यानं हूं म्हणून सोडून दिलं नाही. खोलून बघितलं. खोलता येत होतं म्हणून बघितलं. कुलूपबंद पेटीत तोच अर्धा सेकंद आपण 'आज नेट हळू आहे' म्हणून गिळला असता. खुला कोड म्हणजे सुरक्षा नव्हे. तपासणीची परवानगी आहे, आणि तपासणी आपणच करायची असते. संत्री उभा केला म्हणून राउंड मारायचं कुणी सोडतं का?

तिसरी हरकत आमच्याच एका निवृत्त वरिष्ठांची. "ऐकायला छान वाटतं ना? मग नाव कुणाचं याला काय अर्थ? आपली परंपराच निनावी आहे." साहेबांचा मान राखून सांगतो, हे साफ चूक आहे.

'पारंपरिक' ही पळवाट

आपली परंपरा निनावी कधी होती? वारकरी संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपलं नाव गुंफलं. 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' ही आयडीथ्रीच्या शेकडो वर्षं आधीची चिठ्ठी आहे, आणि ती काव्यातच विणलेली असल्यामुळे कुणाला फाडता आली नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गाणं संपल्यावर त्या स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायच्या. तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापल्या जायच्या, तिथल्या माणसाला कळावं कोण गातंय म्हणून. आज सव्वाशे वर्षांनी त्या तबकडीवरचं लेबल उडालं तरी नाव ऐकू येतं.

आणि आपले भातखंडे? मुंबईत वकिली करणारा माणूस, देशभर हिंडला, उस्तादांच्या दारात बसला, चिजा गोळा केल्या. 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग काढले. प्रत्येक चिजेला राग, ताल, स्वरलिपी. दहा थाटांची मांडणी केली. कुणी त्यांच्याशी वाद घालो, पण वाद घालायलासुद्धा त्यांनी केलेली नोंदच हाताशी घ्यावी लागते. त्यांचेच शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर भिलाईपासून फार लांब नसलेल्या खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू होते. १९५६ साली स्थापन झालेलं ते विद्यापीठ. मराठी माणसाच्या नोंदवहीचा धागा असा या मातीपर्यंत आला आहे.

आता आपण काय करतो? गणपतीच्या कार्यक्रमात गाणं म्हणतो आणि निवेदक सांगतो 'पारंपरिक'. शोधायचा कंटाळा आला की 'पारंपरिक'. कित्येकदा लिहिणारा माणूस जिवंत असतो, चार गल्ल्या सोडून राहतो. छत्तीसगढ्यांकडून शिकावं. तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या, इथल्याच कारखान्यात नोकरी केलेल्या. पंडवानी शेकडो वर्षांची, पण त्यांची पंडवानी म्हणजे तीजनबाईंची पंडवानी. इथला रिक्षावालासुद्धा तिला 'पारंपरिक' म्हणून मोकळा होत नाही.

हा फक्त मानाचा प्रश्नही नाही. कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमानं लेखकाला आपलं कर्तृत्व सांगण्याचा हक्क दिला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांचा, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही असं केलं. उत्तम कायदा. पण पैसे कुणाच्या नावे पाठवायचे? रकाना रिकामा असेल तर कायदा काय करणार? गीतकाराच्या विधवेच्या घरी जाणारा चेक त्या रिकाम्या रकान्यात अडकतो.

मराठीत चांगली उदाहरणं नाहीत असं नाही. 'आठवणीतली गाणी' बघा. प्रत्येक गाण्याखाली गीत, संगीत, स्वर, जिथं माहीत आहे तिथं राग, नाटक, चित्रपट. हे काम करणाऱ्यांना सॅल्यूट. पण आपण सगळे फक्त तिथून गाण्याचे शब्द उतरवून घेतो आणि पुढे पाठवताना नावं गाळतो. व्हॉट्सअॅपवर कविता पाठवताना खालची ओळ खोडणारे हात आपलेच आहेत.

अकरा कॅसेटी

काकूंच्या गाण्यांसाठी कुठल्याही वहीत उत्तर नव्हतं. ते असणार कुठून? काका आणि मी त्यांच्या ओट्यावर बसलो. कॅसेटच्या डब्यांतले कागद काढले. काकूंच्या अक्षरात, निळ्या शाईत, गाण्यांचे मुखडे आणि कंसात नावं. काही कागद ओलीनं चिकटलेले. मी कॅसेटी पुन्हा भरल्या, या वेळी आधी प्रत काढून ठेवली. मुलीनं टॅगलिब वापरून पन्नासेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. काका वाचून दाखवायचे, ती देवनागरीत टाइप करायची. स्वर काकू. संगीत काकू. गीत अमुक, क्रेन ऑपरेटर. वर्ष. सेक्टर. प्रसंग, कोजागरी. तबल्यावर कोण होतं तेसुद्धा.

एकूण ६३ गाणी निघाली. त्यांतल्या चार गाण्यांचा गीतकार कागदावरही नव्हता. काकांनी दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. एकाला आठवेना. दुसऱ्याच्या घरून कळलं की ते गेल्या वर्षीच गेले. आपण वर्षभर उशीर केला.

मुलीनं विचारलं, "बाबा, इथं 'पारंपरिक' टाकू?"

काकाच म्हणाले, "नको. रिकामं ठेव. कुणाला तरी आठवेल."

ते रकाने रिकामे आहेत. पण आता ते आमच्या माहितीनं रिकामे आहेत.

माजी सैनिकांना आणि मराठी वाचकांना माझं सांगणं थोडक्यात. तुमच्या घरात, मंडळात, पलटणीच्या बडा खान्याच्या रेकॉर्डिंगमध्ये, जे कुणी गायलंय, लिहिलंय, चाल दिलीय, त्याचं नाव या महिन्यात लिहून काढा. कागदावर लिहा, मग फाइलीत लिहा, देवनागरीत लिहा. मूळ प्रत बाजूला ठेवा. 'आपोआप' या शब्दावर विश्वास ठेवू नका. आणि घरातल्या एका तरी पोराला तयार पॅकेट न देता सोर्सवरून बांधायला बसवा. चार संध्याकाळी जातील. शिव्या देईल. नंतर देणार नाही.

काल रात्री गच्चीवर होतो. शेजारून काकूंचं गाणं ऐकू येत होतं. गाणं संपल्यावर थोडा वेळ शांतता. मग काकांचा आवाज, बहुतेक कुणाशी तरी फोनवर: "हो, नाव येतं ना खाली. पूर्ण नाव येतं."

जय हिंद.